पांढऱ्यात किती रंग

मावसबहिणीच्या हळदीचा फोटो तिनं माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, यात काय नाही ते सांगा."

मी नीट पाहिलं. अंगणात मांडव, पाटावर नवरी, भोवती चार सवाष्णी आंब्याच्या पानांनी हळद लावताहेत. चेहरे स्पष्ट, उजेड चांगला, हसणं अस्सल. मला काही चुकलेलं दिसेना.

"हळद," ती म्हणाली.

मग दिसलं. नवरीचे गाल, कोपरापर्यंतचे हात, पाटाभोवती सांडलेले ओघळ, सगळंच फिकट होतं, दुधात पाणी घातल्यासारखं. मांडवाच्या पांढऱ्या कापडाला निळसर झाक आली होती. हळद भरपूर लावली होती, पण कॅमेऱ्यानं ती धुऊन काढली होती.

मार्चअखेरीला संपादकांचा फोन आला, यंदाच्या अंकाचा विषय 'रंग'. रंगांचा इतिहास नको, रंगांचं मानसशास्त्रही नको. कुणीतरी रंग शिकतंय, ते जाऊन बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या शोधात मी मुंबईतल्या एका कलामहाविद्यालयात पोचले आणि तिथं ही मुलगी भेटली. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला, विशेष विषय छायाचित्रण. घर पेणजवळच्या एका गावात, घरचा गणपतीचा कारखाना. "नाव छापू नका, अजून माझं काम व्हायचंय," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हा इथं ती नावाशिवायच येईल.

हळदीचा फोटो ती दुसऱ्या वर्षाला असतानाचा. तोवर तिची समजूत अशी की काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणात उजेड-सावली शिकावी लागते, रंगीत फोटोत रंग आपोआप येतो. या फोटोनं ती समजूत मोडली. कॅमेऱ्यात 'ऑटो व्हाइट बॅलन्स' नावाची सोय असते. समोरच्या दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण राखाडी रंग होईल, असं ते यंत्र मुळात धरून चालतं. सरासरी पिवळी आली, तर उजेडच पिवळा असणार असं समजून ते पिवळा कमी करतं, म्हणजे निळा वाढवतं. बल्बच्या उजेडातल्या खोलीत हा हिशेब जमून जातो. हळदीच्या अंगणात मात्र पिवळेपण उजेडाचं नसतं, ते माणसांच्या अंगावर असतं. छपाईच्या तंत्रज्ञांकडे या प्रकाराला फार जुना शब्द आहे, 'सब्जेक्ट फेल्युअर'. म्हणजे नापास झालेला विषय. हिशेब चुकला यंत्राचा आणि नापास ठरली हळद, हे तिला इतकं लागलं की पुढचं सगळं शिक्षण तिथूनच सुरू झालं.

रंगाचं नाव विसरायचं

रंगांची नावं तिला शिकवावी लागली नव्हती. आईच्या कपाटातून ती आधीच आली होती. मोरपिशी, चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, मोतिया. शिवाय कारखान्यातली नावं: बॉडी कलर, पितांबराचा पिवळा, शेल्याचा राणी. पहिल्या वर्षी फाउंडेशनला रंगचक्र रंगवलं, पोस्टर कलरच्या छटांचे चौकोन भरले. हात चांगला होता, गुण चांगले पडले.

तिसऱ्या वर्षाला रंगीत छायाचित्रण शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला या नावांवर बोट ठेवलं. त्यांनी एक केशरी दुपट्टा खुर्चीवर टाकला आणि दिसतात तेवढे रंग लिहायला सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी 'केशरी' लिहून पेन खाली ठेवलं. मग सरांनी जाड कागदाला एक छोटं भोक पाडलं आणि एकेकाला त्यातून दुपट्ट्याचा एकेक भाग पाहायला लावलं. खिडकीकडची घडी फिकट पिवळट, आतली चुणी तपकिरी, भिंतीलगतचा पदर गुलाबीसर, जमिनीजवळचा काठ जवळपास मातकट. "केशरी तुमच्या डोक्यात आहे. खुर्चीवर काय आहे ते बघा," सर म्हणाले. "नाव आठवलं की बघणं थांबतं."

मला सरांचं म्हणणं अर्धंच पटलं. मराठीतली रंगांची नावं नुसती लेबलं नाहीत, ती वस्तूंपासून आली आहेत. आमसुली म्हटलं की सुकलेल्या सोलाचा तो काळपट लाल आणि त्यावरची मिठाची चमकही आठवते. मोरपिशीत तर रंग बदलणं नावातच आहे. इरकली लुगड्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घालून जी धूपछाव साधतात, ती पाहत वाढलेल्या बाईला रंग स्थिर नसतो हे सांगावं लागत नाही. तरी कॅमेरा हातात घेतल्यावर ही जाण मागे पडते आणि नाव पुढे येतं, इथं सरांचं बरोबर आहे.

पुढचा अभ्यास होता 'एक रंग'. तो तिनं त्याच वर्षीच्या नवरात्रात केला. नवरात्राच्या नऊ दिवसांत मुंबईच्या लोकलमध्ये बायकांचा डबा रोज एका रंगाचा होतो, कुठल्या दिवशी कुठला रंग ते वर्तमानपत्रं छापतात. पिवळ्या दिवशी ती सकाळपासून दुपारपर्यंत लेडीज डब्यात होती. बायकांना विचारून, त्यांच्या हसण्यात हसून, तिनं फक्त कापड टिपलं: पदर, ओढण्या, कुडत्यांच्या बाह्या. परत येऊन प्रत्येक फोटोतला बोटभर चौकोन कापला आणि राखाडी कागदावर चिकटवला. तो कागद मी पाहिला. वर लिंबाच्या सालीचा पिवळा, मध्ये झेंडू, सोनचाफा, पिकलं केळं, मोहरी, आणि खाली उतरत उतरत चक्क शेणाने सारवलेल्या जमिनीचा रंग. तो शेवटचा चौकोन दारापासून लांब, गर्दीत उभ्या असलेल्या एका बाईच्या पदराचा. त्याच पदराचा दुसरा चौकोन वरच्या ओळीत होता. दादरला गर्दी उतरली, ती बाई दारात आली, तेव्हाचा. दोन्ही चौकोनांना जोडणारी पेन्सिलची रेघ तिनं मारून ठेवली होती.

अशा अभ्यासामागे मोठी परंपरा आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाऱ्यांवर देखरेख करणारा रसायनतज्ज्ञ शेवरल याच्याकडे तक्रार आली होती की काळा रंग पुरेसा काळा उतरत नाही. त्यानं रसायन तपासलं, त्यात खोट नव्हती. काळ्या सुताशेजारचं निळं-जांभळं सूत काळ्याला फिकट करत होतं. शेजारामुळे रंग कसा बदलतो यावर त्यानं १८३९मध्ये ग्रंथच लिहिला. पुढे योसेफ आल्बर्स यांनी विद्यार्थ्यांना रंगीत कागद कापायला लावले आणि एकच रंग दोन वेगवेगळे कसे दिसतील ते करून दाखवा म्हणून सांगितलं. त्यांचं १९६३चं पुस्तक आजही कलाशाळांतून वापरात आहे. तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली प्रत हाताळून हाताळून मऊ झाली आहे.

काट्यानं काटा

गिरगावात एक काका राहतात. तीस वर्षं कलर लॅबमध्ये प्रिंटिंग केलेलं. लॅब कधीच बंद झाली. सरांनी तिला त्यांच्याकडे पाठवलं होतं, आता ती मला घेऊन गेली.

काकांनी कपाटावरून बुटाचा खोका काढला. त्यात एकाच फोटोच्या वीसेक प्रती होत्या. नऊवारीतली नवरी, हिरवा चुडा, मुंडावळ्या. प्रत्येक प्रत वेगळी: एक निळी मारणारी, एक पिवळी, एक हिरवट, एक नुसतीच गडद. मधोमध योग्य प्रत आणि भोवती या चुकलेल्या प्रती मांडून त्यांनी जमिनीवर फूलच केलं. नव्या पोराला डोळा यावा म्हणून लॅबमध्ये असा संच करून ठेवत.

"सांग, कुठला मारतोय?" त्यांनी एक प्रत माझ्यापुढे धरली.

"गुलाबी?"

"गुलाबी नाही, मजेंटा. मग काय करायचं?"

मजेंटा कमी करायचा, असं मी म्हणाले. काका हसले नाहीत, नुसतीच मान हलवली. "फिल्टर मजेंटाचाच वाढवायचा. काट्यानं काटा काढायचा."

हे कसं ते त्यांनी समजावलं. रंगीत कागदावर एकावर एक तीन थर असतात. एक थर निळ्या उजेडानं जागा होतो आणि पिवळा रंग तयार करतो. दुसरा हिरव्या उजेडानं जागा होतो आणि मजेंटा तयार करतो. तिसरा लाल उजेडानं, त्याचा होतो सायन, म्हणजे आकाशी-हिरवट निळा. आता निगेटिव्हमधून कागदावर पडणाऱ्या उजेडाच्या वाटेत मजेंटा फिल्टर घातला, तर तो हिरवा उजेड अडवतो. हिरवा कमी पोचला की मधला थर कमी जागा होतो, म्हणून मजेंटा कमी उतरतो. हे सगळं जवळजवळ पूर्ण अंधारात, कारण हा कागद सगळ्याच रंगांना जागा होतो. काळ्या-पांढऱ्या छपाईतला लाल दिवा इथं चालत नाही. प्रिंट ओली असताना रंग पारखायचाही नाही, ओल्या कागदाचा रंग खोटा असतो. वाळवून, खिडकीशी नेऊन बघायचा.

आणि त्याआधी फिल्म धुवायची. निगेटिव्हच्या डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. तापमान थोडं हललं तरी तीन थर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हा बिघाड पुढे छपाईत पुरता काढता येत नाही. "आपल्या अंगाच्या तापापेक्षा जरासं जास्त," काका म्हणाले. थर्मामीटर असायचाच, पण तरीही ते टाकीला मनगट लावून बघत, आई लेकराच्या कपाळाला लावते तसं.

लग्नाचे रोल आले की मशीनवर भरवसा ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. लाल शालू फ्रेमभर असला की यंत्र लाल कापतं आणि नवरीचं तोंड हिरवट-निळं काढतं. हळदीचं तेच. "हळदीचा फोटो आला की मी हातानं पिवळा परत द्यायचो. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. कळायचं कारणच नव्हतं."

तिनं स्वतःचा हळदीचा फोटो त्यांना मागे दाखवला होता. तेव्हा काका जे बोलले त्यावर तिचं पुढचं काम उभं आहे. ते म्हणाले, "बाळ, फिल्मला एकच ऊन माहीत असायचं. दुपारचं, ५५०० केल्विनचं. त्यापुढे तू बल्ब ठेव, ट्यूब ठेव, संध्याकाळ ठेव, ती खरं काय ते सांगायची. तुझा कॅमेरा दर फोटोला मत बदलतो. त्याला एक ऊन नेमून दे."

त्या दिवशी तिनं कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर नेऊन ठेवला. अजून तो तिथंच आहे.

रिबिनीचा लाल

यंत्र रंग पाहतं म्हणजे काय करतं, हे तिनं मला कॅन्टीनच्या टेबलावर कागदी पेल्यांवर काढून दाखवलं. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग कळतच नाही, त्याला फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवं किंवा निळं असं सूक्ष्म झाकण बसवलेलं असतं. दर चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उजेडाचे बारकावे आपला डोळा हिरव्यात सर्वांत नीट ओळखतो म्हणून हिरव्याला दुप्पट जागा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६चं. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवतो.

मला यात ल्युमिएर बंधूंची 'ऑटोक्रोम' आठवली. १९०७मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे कण पसरलेले असत, काही केशरी रंगवलेले, काही हिरवे, काही जांभळट निळे. तत्त्व तेच. बटाट्याच्या पिठाच्या जागी आता सिलिकॉनवरचे ठिपके आले.

त्याच्याही मागे १८६१. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका चौकड्याच्या रिबिनीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून घेतलेले दाखवले आणि तीन दिव्यांनी ते पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र उभं केलं. पण त्या काळची रसायनं लाल उजेडाला आंधळी होती. मग लाल उमटला कसा? हे कोडं शंभर वर्षांनी कोडॅकच्या शास्त्रज्ञांनी सोडवलं. रिबिनीचा लाल रंग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि लाल गाळणी म्हणून वापरलेलं द्रावण तेही आत सोडत होतं. लालच्या जागी उमटलं होतं ते न दिसणारं काहीतरी. ही गोष्ट तिला इतकी आवडते की तिनं वसतिगृहातल्या पलंगाशेजारी त्या रिबिनीचं चित्र लावलं आहे.

आपल्याकडे सिनेमात या वाटेवर ठेचाही लागल्या. 'प्रभात' फिल्म कंपनीनं १९३३मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरवलं, छपाईसाठी चित्रपट जर्मनीला नेला, आणि मनासारखे रंग काही उतरले नाहीत. ज्या माणसानं ती ठेच खाल्ली त्या दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी पुढे 'झनक झनक पायल बाजे' आणि 'नवरंग' केले. मला यातली चिकाटी फार मोठी वाटते.

दुसऱ्याचे डोळे

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात तिला रघुबीर सिंग सापडले. ग्रंथालयात 'रिव्हर ऑफ कलर' हे जाडजूड पुस्तक होतं, घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून रोज दुपारी तासभर ती तिथं बसायची.

जयपूरला १९४२मध्ये जन्मलेल्या या छायाचित्रकारानं आयुष्यभर रंगातच काम केलं. तो काळ असा होता की कलेचं छायाचित्रण काळं-पांढरं आणि रंग जाहिरातीचा, अशी पाश्चात्त्य जगातल्या जाणकारांची वाटणी होती. विल्यम एगल्स्टन यांचं रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९७६ला लागलं तेव्हा समीक्षक तुटून पडले. रघुबीर सिंग यांचं गंगेवरचं रंगीत पुस्तक त्याच्या दोन वर्षं आधी आलेलं होतं. भारतीय दृष्टीला रंग वरून लावावा लागत नाही, आपली लघुचित्रं, आपले सण, आपला विचार रंगातूनच होतो, अशी त्यांची ठाम भूमिका. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४चं. झवेरी बाजारातल्या दागिन्यांच्या दुकानाचा त्यांचा एक फोटो आहे, काचेत रस्ता आणि दुकान एकमेकांत मिसळलेले. तो पाहून ती पुस्तक मिटून तशीच झवेरी बाजारात गेली.

तिथून तीन महिने ती रघुबीर सिंग यांच्या डोळ्यांनी हिंडली. भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट, पहाटे चारचं दादरचं फूलमार्केट. काचा, आरसे, फ्रेमच्या कडेला कापलेली माणसं. त्या फोटोंचा गठ्ठा मी पाहिला. चांगले आहेत. झेंडूच्या ढिगांचे फोटो मात्र तिनं वेगळे बांधून ठेवलेत, त्यातून ती तंत्राचा एक मोठा धडा शिकली. एकूण उजेड बरोबर असूनही झेंडूतला लाल तेवढा फुटला होता. तीन रंगांपैकी एकाच रंगाचा पेला काठोकाठ भरून वाहून गेला की पाकळीवरच्या रेषा जातात आणि नुसता केशरी डाग उरतो. जास्वंद, गुलाल, शेंदूर, सगळ्यांचं असंच. म्हणून आता ती लालाला जपून एक्स्पोजर कमी ठेवते.

सरांनी गठ्ठा पाहिला, शांतपणे पुन्हा जुळवला आणि विचारलं, "हे सगळं छान आहे. पण तू नसतीस तर हे फोटो कुणी काढले नसते का?"

ती त्या रात्री रडली, असं तिनं मला सरळ सांगितलं. मला तो प्रश्न कठोर वाटला. पण तो विचारणारा माणूस तिला भेटला, याचं बरंही वाटलं.

ताडपत्रीखाली

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या गावांमधून हिंडलात तर घरागणिक कारखाना दिसेल. पुढल्या वर्षाच्या मूर्तींचं काम दिवाळीनंतर लगेच उभं राहतं. अंगणात, परसात, रस्त्याच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीच्या शेड, आणि आत ओळीनं कच्च्या मूर्ती. कच्च्या म्हणजे रंग न दिलेल्या, पांढऱ्या. हजारो.

लहानपणापासून ती त्यांच्यामधून वाट काढत शाळेत गेली होती. त्या तिला कधी दिसल्याच नव्हत्या. दिसायच्या त्या रंगवलेल्या.

त्या सुट्टीत सहज तिनं शेडमध्ये एक फोटो काढला. कॅमेरा डेलाइटवरच होता. मागच्या पडद्यावर मूर्ती निळी आली, नुसती निळसर नाही, चांगली गडद निळी. तिनं मान वर करून पाहिलं, मूर्ती पांढरीच. पुन्हा पडद्याकडे पाहिलं, निळी. मग डोक्यावर पाहिलं. निळी ताडपत्री.

"मी वीस वर्षं त्या निळ्या उजेडात बसलेय, ताई. मला तो एकदाही दिसला नव्हता."

मे महिन्यात मी पनवेलहून एसटीनं तिच्याबरोबर गेले. शेडच्या बाहेर तिनं मला दहा मिनिटं उन्हात उभं केलं. मग हाताला धरून आत नेलं आणि म्हणाली, "आता लगेच बघा." मी पाहिलं. क्षणभर सगळ्या मूर्ती निळ्या होत्या, समुद्राच्या तळाशी बसल्यासारख्या. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत त्या फिकट होत गेल्या आणि थोड्या वेळानं पांढऱ्याच दिसायला लागल्या. डोळे आणि मेंदू मिळून आपलाही व्हाइट बॅलन्स लावत असतात. परत बाहेर आले तर अंगण पिवळं दिसलं, हळद सांडल्यासारखं.

तिचं शेवटच्या वर्षाचं काम हेच आहे: बारा छायाचित्रं, सगळी पांढऱ्या मूर्तींची, एकाही मूर्तीला रंग न लावलेली. निळ्या ताडपत्रीखालची एक. पिवळ्या ताडपत्रीखालची एक, तिची सोंड लोण्यासारखी दिसते. रात्री जुन्या ट्यूबखालची हिरवट. शाडूची एक आणि प्लॅस्टरची एक शेजारी शेजारी, म्हणजे प्लॅस्टरपुढे शाडूचा राखट-मातकट पांढरा कळतो. मला सर्वांत आवडली ती शेडच्या तोंडाशी ठेवलेली. वरून ताडपत्रीचा निळा कपाळावर उतरलाय, आणि समोरच्या लाल मातीवरून उसळलेलं ऊन खालून हनुवटीवर, पोटावर केशरी आलंय. दोन्ही मिळतात तिथं, गालावर, अगदी फिकट जांभळा आहे. कुणी तो लावलेला नाही. शेजारी नुकताच राणी रंगाचा शेला दिलेली दुसरी मूर्ती सुकत होती, तिची गुलाबी झाक कानाच्या मागे लागली आहे. हे सगळं मी फोटोत पाहिलं, मग त्या जागी जाऊन पाहिलं, आणि तिनं बोट दाखवेपर्यंत मला कानामागचा गुलाबी दिसला नाही.

हे काम तिच्या वडिलांना कसं वाटतं, ते मी विचारलं. ते पॉलिश पेपरनं एका मूर्तीचा सांधा घासत होते. "आत रंग फसवतो," ते म्हणाले. "आमच्या वडिलांपासूनची शिस्त आहे. बॉडी कलर गनमधून मारायचा आत, पण पारखायचा दारात. मूर्ती उचलून दारात आणायची. आत बरोबर वाटलेला रंग बाहेर गिऱ्हाइकाला पिवळा दिसतो." गिरगावचे काकाही प्रिंट खिडकीशी नेऊनच पारखत. या दोन माणसांची कधी भेट झालेली नाही.

"हे बाबा रोज करतात," ती हळूच म्हणाली. "मी शाळेतून येताना वाटेत आडवी ठेवलेली मूर्ती ओलांडायचे आणि चिडायचे, की दारातच का ठेवता."

छापताना तिला एक अडचण आली. शेल्यावरचा चमकता राणी रंग, तो फ्लुरोसंट असतो, कुठल्याच कागदावर उतरेना. प्रिंटरच्या चार-सहा शाया त्या झळाळीपर्यंत पोचतच नाहीत. तिनं खटपट सोडली आणि त्या रंगाच्या फक्त झाकेवर, कानामागच्या त्या गुलाबीवर, भर दिला. झाक कागदावर नीट येते. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला.

अकरा फोटो झाले होते. बारावा राहिला होता, आखणीचा.

आखणी

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. घरात हे काम काकीचं. बारीक कुंचला, काळा रंग, एका दमात काढायची रेषा. रंग सगळे झाल्यावर आखणी होते. पण काकीनं एका शाडूच्या कच्च्या मूर्तीवर, रंगाआधीच, पुतणीसाठी डोळे काढायचं कबूल केलं होतं. पांढऱ्या मूर्तीवर नुसते डोळे. असं तिनं तीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

सकाळी सव्वासहाला आम्ही शेडच्या दाराशी होतो. वडिलांनी मूर्ती उचलून उंबऱ्यावर, पाटावर ठेवली. तिवईवर कॅमेरा चढला. शेजारच्या पत्र्याच्या छपरामागे सूर्य होता, अंगणात सावली. मूर्ती त्या वेळी निळसर राखाडी होती, पहाटेच्या आकाशाची. हे मला कुणी न सांगता दिसलं.

काकीनं वाटीत रंग कालवला, नखावर कुंचला टेकवून टोक पारखलं.

"काढू का गं?"

"थांब काकी. ऊन येऊ दे."

"मीपण त्याचीच वाट बघत्ये. सावलीत रेघ जाड येते माझी."

दोघी थांबल्या. परसातला कोंबडा एकदा आरवला. वडील आत जाऊन वरची ट्यूब बंद करून आले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. छपराच्या कडेवर उजेड पातळ झाला, मग तुटला, आणि मूर्तीच्या मुकुटाच्या टोकावर बोटभर पिवळा येऊन बसला. तिथून तो खाली सरकायला लागला, कपाळावर, भुवईच्या जागेवर. काकीनं कुंचला उचलला. तिनं शटरवर बोट ठेवलं.

"आलं," काकी म्हणाली, आणि दोघींनी श्वास रोखला.